लिलीचं पारणं

"जयवंताबाई, तुम्ही मरण्यातल्या जाणकार. जरा बघून सांगा, हे मरून राह्यलं का नुसती मान टाकून बसलं?"

भगवतीभाभी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फरशीवर बसल्या होत्या. समोर पितळी रंगाची चकचकीत कुंडी होती आणि कुंडीत त्यांची पीस लिली. एरवी ताठ उभी असणारी तिची लांब हिरवी पानं चारी बाजूंनी कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होती, धुऊन न पिळता टाकलेल्या कपड्यांसारखी.

मरण्यातली जाणकार हे माझ्याबद्दल खोटं नाही. नाटक कंपनीबरोबर मी उमेदीची सगळी वर्षं गावोगाव घालवली. विष पिऊन, तलवार लागून, विरहानं, बाळंतपणात, सगळ्या प्रकारांनी मेले आणि पडदा पडला की उठून चहा प्यायले. आता टेंभुर्णीत, माझ्या गावी, माझं कोणी उरलेलं नाही, म्हणून जुन्या जालन्यात गौतमचंद सेठजींच्या घरी वरच्या खोलीत राहते. भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. पण झाडाच्या मरणाशी माझा कधी संबंध आला नव्हता.

"भाभी, माणसाचं सांगता येतं," मी म्हणाले. "त्याचा श्वास बघायचा. ह्याचं काय बघू?"

"मला काय माहीत. मला आज काहीच समजून न्हाई राह्यलं."

हे वाक्य मी भाभींच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्या अशा बाई आहेत की त्यांना सगळं ठाऊक असतं. कोणत्या तिथीला हिरवी भाजी खायची नाही, पाणी कोणत्या फडक्यानं गाळायचं, सूर्य मावळायला किती अवकाश आहे आणि तोवर कोणाचं जेवण राहिलंय, हे सगळं. घड्याळाकडे न बघता त्या सांगतात. माहेर शहागडचं, गोदेच्या काठचं. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. घरात त्या मारवाडी बोलतात, आमच्याशी मराठी, आणि ती मराठी आमच्यासारखीच, फक्त जरा जास्त अदबीची.

त्यांच्या घरात कधी झाड नव्हतं. साधी तुळससुद्धा नाही. भाभींचं म्हणणं असं की, पानाफुलांत जीव आहे, पाण्यात जीव आहे, मातीत जीव आहे; ज्याची जोखीम घेता येत नाही त्याला घरात बोलावू नये. मी गजरा माळून जिना उतरले की त्या माझ्या केसांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "शोभून दिसतो हो तुम्हाला. बिचारा." त्यातला "बिचारा" गजऱ्यासाठी असायचा. मला राग यायचा नाही. आयुष्यभर माझ्यावर फुलं टाकणारे खूप भेटले, फुलांची काळजी करणारी ही एकच.

लिली आणली ती त्यांच्या सुनेनं, शिखानं. नवा सोफा आला, कोपरा मोकळा वाटला, म्हणून ती नर्सरीतून घेऊन आली. "मम्मीजी, हिला काही लागत न्हाई. ऊन नको, खत नको. कोपऱ्यात ठेवायची, बस." भाभी पहिले काही दिवस त्या कोपऱ्याकडे वळल्याच नाहीत. मग लिलीला फूल आलं. फूल कसलं, एकच पांढरी पाकळी, मागून ओढून घेतलेल्या पदरासारखी, आणि आत मान खाली घातलेला एक दांडा. भाभी बघत राहिल्या. जैन स्थानकात प्रवचनाला बसलेल्या पांढऱ्या वस्त्रातल्या साध्वी, महासतीजी, तशाच दिसतात, असं त्यांच्या मनात आलं. लगेच त्यांनी कानाला हात लावला. असं म्हणू नये, असं त्याच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून मऊ मलमलीच्या ओल्या फडक्यानं तिचं एकेक पान पुसायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

त्याच सुमारास त्यांनी वर्षीतप धरला होता.

वर्षीतप म्हणजे वर्षाहून अधिक काळ एक दिवस उपास, एक दिवस जेवण. उपासाच्या दिवशी उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंतच. दुसऱ्या दिवशी उपास सोडायचा, त्याला पारणं म्हणतात. फाल्गुनात सुरू होतो आणि पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं संपतो. भाभींचं वय बघता घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं होतं. पण शहागडच्या त्यांच्या चुलतबहिणीनं सोबत धरायचं कबूल केलं आणि दोघींनी रोज फोनवर बोलत सुरुवात केली. चैत्रातच चुलतबहिणीला डॉक्टरांनी थांबवलं. भाभी एकट्या पडल्या.

"उपासाची भूक सोसते, जयवंताबाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण सांजच्याला कोणीतरी विचारायला पाहिजे, कसा गेला दिवस. विचारणारी पण उपाशी पाहिजे. जेवलेल्या माणसाच्या विचारण्यात मजा न्हाई."

मी जेवलेली. सेठजी जेवलेले. शिखा आणि तिचा नवरा जिनेंद्र जेवलेले. उरली लिली.

म्हणून त्यांनी तिला सोबतीला घेतलं. ज्या दिवशी त्यांचा उपास, त्या दिवशी लिलीला पाणी नाही. ज्या दिवशी पारणं, त्या दिवशी सकाळी स्वतःच्या तोंडात काही घालण्याआधी त्या लोटा घेऊन यायच्या आणि आपल्याच पाण्यातलं, उकळून गार केलेलं, तिच्या मुळाशी ओतायच्या. आधी हिचं, मग माझं, असा क्रम. उपासाच्या संध्याकाळी त्या कोपऱ्यात बसून हळूच तिच्याशी बोलताना मी जिन्यावरून ऐकलंय. नाटकात आम्ही मोकळ्या खुर्चीकडे बघून संवाद म्हणायचो. पण त्या खुर्चीनं कधी कान दिल्यासारखं वाटलं नाही. लिलीकडे बघून मात्र वाटायचं.

उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. एकदाच, वैशाखात, घरचे सगळे लग्नाला गेले होते आणि मीही माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा ती कोरडी पडली. परत आलो तर पानं जमिनीला टेकलेली. शिखानं पाणी घातलं, आणि बघता बघता, दुपारचा चहा होईपर्यंत, एकेक पान उचलत ती उभी राहिली. आम्ही सगळे खुर्च्या ओढून बघत बसलो होतो. मी तर टाळ्या वाजवल्या. मेल्यावर असं सगळ्यांच्या देखत उठणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं एक गोष्ट पक्की केली: लिलीनं मान टाकली म्हणजे तिला तहान लागली.

मग दिवाळी आली. शिखानं नर्सरीची साधी कुंडी बदलून ही पितळी रंगाची आणली. हिला खाली भोक नव्हतं, म्हणजे फरशीवर डाग नको. सेठजींचं बियाण्याचं दुकान. त्यांनी वडीगोद्रीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानातून पिशवी भरून काळी माती मागवली. "कपाशीचं रान आहे," ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "ह्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटंल." लिली नव्या कुंडीत, नव्या मातीत बसली. थंडी सुरू झाली. आणि पौषात तिनं मान टाकली.

भाभींनी पारण्याच्या दिवशी एकाऐवजी दोन लोटे घातले. मान वर आली नाही. तीन घातले. दोन पानं पिवळी पडली, इतरांची टोकं तपकिरी झाली. शिखा म्हणाली, "मम्मीजी, तुमच्या उपासाच्या दिवशी पण घालू द्या. तिला कशाला उपाशी ठेवता?" भाभींनी दोन दिवस विचार केला. आजारी माणसाला तपातून सूट असते, तशी त्यांनी लिलीला सूट दिली. आता रोज पाणी. लिली आणखीच झुकली. माती वरून चमकत राहिली, पाणी वरच साचायला लागलं.

"पाणी पीतच न्हाई ती," भाभी म्हणाल्या.

तिथून सगळ्यांचा गोंधळ सुरू झाला. जिनेंद्रला आईचे उतरलेले खांदे बघवत नव्हते. त्यानं लिलीचाच आधार घेतला: "मम्मी, झाड सांगून राह्यलं, आता पुरे." शिखा मोबाइलवर वाचायची. एक जण म्हणे पाणी वाढवा, दुसरा म्हणे कमी करा, तिसरा म्हणे तिला खोली बदललेली आवडत नाही. सेठजी म्हणाले, थंडीत कपाशीसुद्धा लाल पडते. आणि भाभींनी तीन दिवस एक गोष्ट मनातच ठेवली होती.

आता त्या कोपऱ्यात बसून मला त्यांनी ते सांगितलं. आवाज एकदम खाली.

"मला वाटून राह्यलं, तिनं संथारा घेतला."

संथारा म्हणजे आयुष्याच्या शेवटी, पूर्ण समजून-उमजून, अन्नपाण्याचा त्याग. त्यांच्या घरात ह्या शब्दाला फार मान आहे, आणि तो सहज कोणी उच्चारत नाही.

मागे झोपाळ्यावर बसलेल्या सेठजींनी तो ऐकला. "काहीतरीच. झाडाला एकच इंद्रिय. त्याला मन असतं का? मन न्हाई तर पच्चक्खाण कुठून घेणार?" पच्चक्खाण म्हणजे त्यांच्यात उपासाचा रोज सकाळी करायचा संकल्प.

"तुम्ही त्याच्या आत जाऊन आलात?"

"मी न्हाई गेलो. पण शास्त्रात आहे."

"शास्त्रात हे पण आहे का, की माझ्यासोबत ठेवून मी एका जिवाला उपास शिकवला, आणि आता पाणी दिलं तरी घेईना?" भाभी माझ्याकडे वळल्या. "जयवंताबाई, माझा तप जर कोणाचा जीव घेऊन राह्यला असंल, तर तो तप न्हाई. ती हिंसा झाली. उद्या माझा उपास आहे. मी उद्या पच्चक्खाण घेणार न्हाई. सोडून देईन."

झोपाळा थांबला. सेठजींना गेले कित्येक महिने हेच हवं होतं, रोज संध्याकाळी ते मला विचारायचे, "तुम्ही सांगून बघा की, तुमचं ऐकंल." पण आता ते मिळालं तर त्यांचा चेहरा पडला. असा तप सुटावा, असं त्यांना वाटत नव्हतं. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं सुटावा, हे त्यांना सुचत नव्हतं.

"म्हणून विचारलं," भाभी म्हणाल्या. "मरून राह्यली असंल तर सांगा."

मी लिलीसमोर बसले. मनापासून बघितलं. मला एक जुना हंगाम आठवला. त्या वर्षी मी एका नाटकात वाळवंटात तहानेनं मरायची आणि दुसऱ्यात विहिरीत बुडून. दोन्ही वेळा आमचे मास्तर मला एकाच पद्धतीनं पडायला लावायचे: मान सैल, हात सैल, केस पुढे. मी एकदा विचारलं, मास्तर, फरक नको का? ते म्हणाले, बघणाऱ्याला दुरून सारखंच दिसतं. आता मी बघणारी होते आणि मलाही दुरून सारखंच दिसत होतं.

"उजेडात नेऊन बघू," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचेना.

मी कुंडी उचलायला वाकले. मला वाटलं होतं, उचलून खिडकीशी ठेवेन. ती हललीच नाही. इतकी जड की जणू तळाला कोणी धरून बसलंय. मी जोर लावला, कुंडी एका बाजूला कलली, आणि काठावरून काळं पाणी भसकन माझ्या लुगड्यावर, माझ्या पायांवर आणि शिखाच्या पांढऱ्या फरशीवर आलं. थांबेचना.

"अरे बाप रे," शिखा स्वयंपाकघरातून धावत आली. "मावशी, सोडू नका, धरून ठेवा."

वास आला. नालीचा वास. सेठजी झोपाळ्यावरून उठले. दुकानात ओलसर बियाणं कोणी कोरडं म्हणून आणलं तर ते पोत्यात हात घालण्याआधी नाक घालतात. तसेच ते वाकले, कुंडीत नाक घातलं आणि मागे सरले.

"ही उपाशी न्हाई," ते म्हणाले. "ही बुडून राह्यली."

भाभी पुढे आल्या. "कशात?"

"पाण्यात. खाली भोक न्हाई. माझी काळी माती पाणी सोडत न्हाई. तू लोटा घालते, ते जाणार कुठं? मूळ सडलं म्हणजे ते पाणी ओढत न्हाई. मंग पाण्यात राहून पण तहानेली. पान तसंच पडतं."

शिखानं पोतेरं आणलं. भाभी नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही नव्हती, दुःखही नव्हतं. दोन दरवाजे एकदम उघडल्यावर माणूस जसा कुठूनच जात नाही, तशा त्या उभ्या होत्या.

"म्हणजे जगंल?" शेवटी त्यांनी विचारलं.

शिखा मोबाइल घेऊन वाचायला लागली. आता नेमकं काय विचारायचं हे तिला कळलं होतं. "बाहेर काढायची. काळी, मऊ झालेली मुळं कापून टाकायची. पांढरी, घट्ट असतील ती ठेवायची. पिवळी पानं पण कापायची. मंग भोक असलेल्या छोट्या कुंडीत, हलक्या मातीत. मी करते, मम्मीजी, कातर आणते."

"न्हाई."

"मम्मीजी, न्हाई केलं तर मरंल."

"आणि केलं तर? मूळ कापायचं? एका मुळात किती जीव असतात, तुला माहीत आहे. आपण बटाटा खात न्हाई, कांदा खात न्हाई, ते कशासाठी? तू केलं म्हणजे माझ्या घरानं केलं."

"मंग मावशींना सांगते."

"सांगणं म्हणजे करवणंच झालं," सेठजी हळूच म्हणाले. हे बोलताना त्यांना आनंद होत नव्हता.

मला हे पूर्वी भाभींनीच समजावून सांगितलं होतं. स्वतः करू नये, दुसऱ्याकडून करवू नये, आणि कोणी आपणहून केलं तर त्याला मनातून बरं म्हणू नये. तिन्हींचं पाप सारखंच. बिचाऱ्या भाभी. कापलं तर हिंसा, न कापलं तर लिली डोळ्यांदेखत सडणार. मला विनंती करायची सोय नाही. आणि मी आपली आपण उठून केलं, तर आनंद मानायचीही सोय नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, कारण बघणं हीसुद्धा विनंती झाली असती.

मी रंगमंचावर एवढं शिकले होते की एखाद्या पात्राला आत जाता येत नसेल, तर त्याला एक कारण द्यावं लागतं. साधंसं, खपेल असं.

"भाभी," मी म्हणाले, "तुमची सामायिकाची वेळ झाली न्हाई का?"

सामायिक म्हणजे ठरलेला वेळ तोंडाला मुहपत्ती बांधून, आसनावर, माळ घेऊन शांत बसायचं. तेवढ्या वेळात संसारातलं काही करायचं नाही, काही सांगायचं नाही.

"आत्ता?" भाभी म्हणाल्या. "आत्ता दुपार आहे."

"दुपारी बसत न्हाईत का?"

"बसतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहणं लांबलं. मग त्यांनी पदर सावरला. "झाली असंल वेळ."

त्या आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.

मग मी कातर घेतली. शिखा दुधाच्या पिशव्या कापते ती. शिखाला मी बाहेर पाठवलं, ती "मी कोकोपीट आणते" म्हणून निघाली आणि दारातच म्हणाली, "मावशी, मी काही बघितलं न्हाई." मागच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मी लिली उपडी केली. काळ्या मातीचा गोळा, साबणासारखा. बोटांनी, पाण्यानं, हळूहळू सोडवला. आतून मुळं निघाली, बहुतेक काळी, हाताला लागताच साल सोडणारी.

सेठजी ओसरीच्या दाराशी उभे राहिले. पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे.

"सेठजी, तुम्ही पण जा की आत."

"मी इथं हवा खाऊन राह्यलो." मग ते भिंतीला म्हणाले, "शेतकरी लोक दुकानात येतात, ते बोलत असतात. काळं मूळ कामाचं न्हाई म्हणतात. वरून जरा चांगलं दिसलं तरी दाबून बघतात."

मी दाबून बघितलं. कापलं.

"आणि म्हणतात, कापल्यावर लगेच पाणी घालायचं न्हाई. मी काही सांगत न्हाई. ते म्हणतात."

"कोण शेतकरी म्हणतात हे?"

"येतात. पुष्कळ येतात." ते भिंतीवरची खपली नखानं काढत होते. "पांढरं काही निघालं का, असं पण ते विचारतात."

निघालं. बुडाशी, मधोमध, मूठभर पांढरी मुळं होती, घट्ट, नुकतीच फुटल्यासारखी. मी सांगितलं. सेठजी भिंतीकडे बघत "हं" म्हणाले, पण त्या "हं"मध्ये मी एका हंगामाचा नफा ऐकला.

पिवळी पानं गेली, तपकिरी गेली. सुकलेलं फूल देठापासून काढलं. उरली ती चार पानं आणि एक गुंडाळलेली कोवळी पात. नर्सरीची जुनी कुंडी माळ्यावर होती, भोकाची. तळाला खडे, वर शिखानं आणलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जराशी माती. कापलेलं सगळं मी वर्तमानपत्रात गुंडाळून पाठीमागच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. लिली पुन्हा कोपऱ्यात बसली. ती आता एवढीशी दिसत होती, केस कापलेल्या मुलीसारखी.

दार उघडलं. भाभी बाहेर आल्या.

मी मोठमोठ्या नटांची कामं बघितली आहेत. हसत हसत रडणारे, रडत रडत हसणारे, मी त्यांच्या बाजूला उभी राहिलेली आहे. पण त्या दुपारी भगवतीभाभींनी जे केलं, ते मला कधी साधलं नसतं. त्यांनी ती चार पानं बघितली. ती पडलेली नव्हती. ताठही नव्हती, पण पडलेली नव्हती. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि त्यांनी ते जागीच धरले. डोळे भरायला आले, ते त्यांनी मागे घेतले. बरं वाटू द्यायचं नाही, असं ठरवून त्या उभ्या होत्या. सगळा चेहरा एका बाजूला ओढत होता आणि त्या दुसऱ्या बाजूला धरून होत्या. उरलेलं कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं नाही. काय झालं, असंही नाही.

"हिला पाणी कधी?" एवढंच विचारलं.

"आता लगेच न्हाई," मी म्हणाले. "मातीत बोट घालून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली, तरच. आणि जास्तीचं भोकातून खाली जाऊ द्यायचं."

"ह्या थंडीत आठ-आठ दिवस लागणार न्हाई," शिखा म्हणाली.

"आठ दिवस म्हणजे अठाई झाली," सेठजी झोपाळ्यावरून म्हणाले. अठाई म्हणजे त्यांच्यात सलग आठ दिवसांचा उपास. त्यांना गंमत करायची होती. "तुझ्यापेक्षा मोठी तपस्वी निघाली."

भाभी हसल्या नाहीत. त्या सोफ्याच्या कडेला बसल्या आणि स्वतःशीच जुळवायला लागल्या.

"तिला अठाई करायची होती. मी तिला एक दिवसाआड पारणं करवत होते. मंग रोज करवलं." त्या "करवलं" शब्दावर थांबल्या. "उपासानं न्हाई मेली. मी पाजून पाजून मारत होते. दया म्हणून."

"आता झालं की ठीक," सेठजी म्हणाले.

"झालं न्हाई. मी म्हटलं होतं, माझ्या उपासामुळं जीव जाऊन राह्यला, म्हणून उद्या उपास सोडते. पण दोष उपासाचा न्हाईच. दोष लोट्याचा. मंग मी उद्या काय सोडू? पाणी पाजणं सोडू? का तिला सोबतीला धरलं तेच चुकलं? आणि आज जे झालं, जे मला माहीत न्हाई, ते माझ्यासाठी झालं का तिच्यासाठी?" त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "सांगा ना कोणीतरी."

माझ्याकडे खूप संवाद पाठ आहेत. त्यातला एकही लागू पडेना. दिवस मावळायच्या आत त्या स्वयंपाकघरात जाऊन जेवल्या, कारण तो पारण्याचा दिवस होता. पण नेहमीसारखं "आता परवा" असं म्हणाल्या नाहीत.

सकाळी सेठजी जिन्याखालून हाका मारायला लागले. "जयवंताबाई, जल्दी खाली या. ती उठली. काय करंल समजत न्हाई."

मी गेले. शिखानं स्वयंपाकघरात दोन्ही तयारी केली होती. एका पातेल्यात उकळून गार करत ठेवलेलं पाणी. तप चालू राहिला तर ते. एका वाटीत मुगाचं पाणी, कोमट. तप सोडला तर ते, कारण लांबलेल्या उपासांनंतर पोटाला तेच झेपतं. जिनेंद्र कामावर निघायचा थांबला होता. दोन्ही भांडी ओट्यावर शेजारी शेजारी होती आणि आम्ही चौघं एखाद्या नाटकाच्या अंकाआधी विंगेत उभं राहावं तसे भिंतीला टेकून होतो.

भाभी न्हाऊन आल्या. पांढरी साडी. त्यांनी पातेलं बघितलं, वाटी बघितली.

"जिनेंद्र, तुला काय वाटतं?"

"मम्मी, तू म्हणशील तसं."

"हे तू कधीपासून शिकलास?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जयवंताबाई, मला काहीच समजलं न्हाई. बिलकुल न्हाई. कोणी कोणाला उपाशी ठेवलं, कोणी कोणाला वाचवलं, दोष कुठं लागला. महासतीजींना विचारीन. त्या काय सांगतील ते करीन. पण धरताना समजून धरला होता. सोडताना न समजता सोडणं बराबर न्हाई."

त्या पूर्वेला तोंड करून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि पच्चक्खाणाचे शब्द हळू आवाजात म्हटले. त्या दिवसाचा उपास लागला.

शिखानं नाक ओढलं. जिनेंद्रनं घड्याळ बघितलं, पण निघाला नाही. सेठजींचा चेहरा मला आजही नीट वाचता येत नाही. बायको अजून काही महिने अशीच वाळत जाणार म्हणून तो उतरला होता, की ती हरली नाही म्हणून वर आला होता, की दोन्ही.

भाभींनी मुगाच्या पाण्याची वाटी उचलली आणि त्यांच्यासमोर धरली.

"तुम्ही पिऊन घ्या. वाया नको जायला."

सेठजींना मुगाचं पाणी आवडत नाही. तापात दिलं तरी ते तोंड फिरवतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी वाटी घेतली, एकदा बायकोकडे बघितलं, आणि डोळे मिटून एका दमात रिकामी केली.